सगळं शून्यावर

दादा गेल्यापासून त्या खोलीतली प्रत्येक वस्तू पुसली जात होती, फक्त सिंथेसायझर सोडून. वहिनी खिडकीचे गज पुसायच्या, स्पीकरच्या जाळ्या ब्रशने झाडायच्या, दादाच्या खुर्चीची चाकंसुद्धा उलटी करून साफ करायच्या. पण टेबलावरच्या त्या लांबट काळ्या पेटीपाशी आल्या की फडकं खांद्यावर टाकून पुढे सरकायच्या. पेटीवर कापडही घातलेलं नव्हतं. काढताघालताना एखादा नॉब अडकला आणि केसभर फिरला तर काय घ्या!

धाकट्या दिराला याचं कारण सांगावं लागलं नाही. तो याच धंद्यातला. पेटी जुन्या जातीची होती आणि तिला स्मरणशक्ती नव्हती. नव्या यंत्रात एकदा आवाज बनवला की त्याला नाव देऊन साठवता येतो, पाहिजे तेव्हा बटण दाबून परत बोलावता येतो. हिच्यात ती सोय नाही. खाली हार्मोनियमसारख्या पट्ट्या, आणि वर तिच्या तोंडावर तीसेक गोल नॉब आणि खाचेत वरखाली सरकणारे चार स्लायडर होते. ते ज्या जागी उभे असतील तोच तिचा त्या वेळचा आवाज. जागा हलली की आवाज गेला. "पुसताना हात लावू नकोस, आवाज पुसला जाईल," असं दादा संसारभर वहिनींना बजावत आला होता.

आणि पेटीवर शेवटचा हात दादाचाच फिरलेला होता. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तो हेडफोन लावून बसला होता. जेवायला उठला तेव्हा स्वारी खुशीत होती. जमलंय, उद्या ऐकवतो, एवढंच वहिनींना म्हणाला. कसला आवाज, कशासाठी, काही बोलला नाही. सकाळी तो उठलाच नाही. म्हणजे तो आवाज दादाशिवाय कुणाच्याही कानावर पडला नव्हता, आणि वर्षभर तो तसाच त्या नॉबांच्या जागांमध्ये थांबलेला होता. वहिनींनी पेटी चालू करायचं धाडस केलं नाही. आज नको, उद्या, असं करता करता वर्ष सरलं.

आता उद्यावर ढकलणं शक्य नव्हतं. वहिनी घर सोडून मुलीजवळ राहायला निघाल्या होत्या, रविवारी सामान हलवणारे येणार होते. पेटी टेम्पोत चढली की नॉबांच्या जागांची शाश्वती नाही. म्हणून त्यांनी धाकट्याला फोन केला. तुमच्या कॉम्प्युटरात तो आवाज घेऊन ठेवता येईल का, असं विचारलं. येईल, असं तो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तसाच बसून राहिला, कारण त्या घरात त्याने दादा असताना शेवटची तीन वर्षं पाऊल टाकलं नव्हतं.

भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. दादा नाटकांसाठी आवाज बनवायचा. वारा, लांबून जाणारी आगगाडी, रिकाम्या घरात कुणीतरी असल्याचा भास, हे सगळं तो त्या एका पेटीतून काढायचा. धाकटा नोकरीला होता तो एका कंपनीत, जी असल्याच जुन्या पेट्यांची हुबेहूब नक्कल कॉम्प्युटरसाठी तयार करायची. दादा आधी हसायचा. दुधाची तहान ताकावर, म्हणायचा. मग हळूहळू नाटकवाल्यांचे फोन यायचे थांबले, आणि एका लग्नात चारचौघांत धाकट्याकडे बघत दादा म्हणाला, "कानामागून आलं आणि तिखट झालं." सगळे हसले. धाकटाही हसला. पण त्यानंतर त्याचं जाणं कमी झालं. फोन करायचा तर दादा नुसता हं, हं करायचा. राग गेला नाही अजून, असं समजून धाकटाही फोन आवरता घ्यायचा. आपल्या सॉफ्टवेअरने भावाच्या पोटावर पाय आणला, हे त्याच्या मनात पक्कं बसलं होतं.

शनिवारी सकाळी तो लॅपटॉप, रेकॉर्डिंगची डबी आणि केबलींची पिशवी घेऊन आला. वहिनी निघायच्या घाईत होत्या. त्या एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करत, आणि आज त्यांचा तिथला शेवटचा दिवस होता. जिन्याच्या तोंडाशी थांबून त्यांनी एकच गोष्ट सांगितली.

"तयारी करून ठेवा. पण मी आल्याशिवाय आवाज काढू नका, भावोजी. पहिल्यांदा मला ऐकायचाय."

"हात नाही लावणार," धाकटा म्हणाला.

वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने गॅलरीतून वाकून कोण आलंय ते पाहून घेतलं. दादा असताना हा गृहस्थ पेटीचा आवाज वाढला की फरशीवर काठी आपटायचा. दादा त्याला आपला ठेकेवाला म्हणायचा.

खोलीत गेल्यावर धाकट्याने आधी कामाचा क्रम मनात लावला. सुरुवातीला मोबाइलवर फोटो. समोरून, वरून, तिरक्या उजेडात, प्रत्येक नॉबचा जवळून एक. मग केबली जोडायच्या, मग वहिनींची वाट पाहायची. केबली आधी जोडून टाकू, म्हणजे फोटोंना निवांत वेळ मिळेल, असं त्याला वाटलं. तो टेबलामागे वाकून केबल खोचत असतानाच ऑफिसातून फोन आला. साहेबांना दुसऱ्याच एका यंत्राच्या मोजमापात गडबड सापडली होती आणि ती आत्ताच्या आत्ता समजून घ्यायची होती. धाकट्याने मोबाइल कान आणि खांद्यामध्ये धरला आणि बोलत बोलत पेटीसमोर खुर्चीत बसला.

त्याच्या धंद्यात पहिला नियम असा, की यंत्र समोर आलं की सगळं शून्यावर आणायचं. कोऱ्या पाटीशिवाय मोजमाप होत नाही. शिवाय बरेच दिवस बंद असलेल्या यंत्राला वीज देण्याआधी सगळं खाली असलेलं बरं, नाहीतर पहिल्याच दणक्याला स्पीकर फाटायचा. पंधरा वर्षं हे करून हाताला डोक्याची गरज उरली नव्हती. साहेबांना तो समजावत होता की चूक आकड्यांत नाही, आकडे कुठल्या क्रमाने घेतले त्यात आहे. आणि हात डावीकडून उजवीकडे, वरच्या ओळीतून खालच्या ओळीत, एकेक नॉब शांतपणे शून्यावर आणत होता. शेवटी चारही स्लायडर त्याने बोटाने एकदम खाली ओढले, पडदा ओढावा तसे.

साहेब समजले. फोन बंद झाला. मोबाइल खाली ठेवताना, यानेच फोटो काढायचे आहेत, हे धाकट्याला आठवलं, आणि मग त्याने पेटीकडे पाहिलं.

त्याचा डावा हात लॅपटॉपकडे गेला. दोन बोटांनी दोन कळा एकदम दाबल्या की कॉम्प्युटरवर शेवटची चूक मागे घेता येते. पुन्हा दाबल्या की त्याच्या आधीची. दिवसातून शंभर वेळा तो हेच करायचा. बोटं कळांवर टेकली, दाबलीसुद्धा गेली. पडद्यावर काहीच झालं नाही आणि पेटीवर व्हायचा प्रश्नच नव्हता.

मग त्याने फोटो काढले. बैल गेला आणि झोपा केला. प्रत्येक फोटोत सगळे नॉब शिस्तीत एकाच दिशेला तोंड करून उभे होते.

पाणी पिऊन आल्यावर त्याने शोध सुरू केला. वर्षभराची धूळ होती, ती काही बोलेल अशी त्याला आशा होती. पण गोल नॉब जागच्या जागी फिरतो. त्याच्याभोवतीच्या धुळीला तो कुठून कुठे फिरला याचा पत्ता नसतो. स्लायडरचं तसं नव्हतं. प्रत्येक खाचेच्या काठाने धुळीचा थर होता आणि थरात एकेक स्वच्छ चौकोन होता, वर्षभर स्लायडरचं टोपण जिथे बसून होतं तिथे. खाली ओढताना धूळ थोडी फिसकटली होती, पण चौकोन शाबूत होते. त्याने श्वास रोखून चारही स्लायडर आपापल्या चौकोनात नेऊन बसवले.

स्लायडरांवरून कळतं ते एवढंच, की पट्टी दाबल्यावर आवाज कसा येतो आणि बोट उचलल्यावर कसा जातो. पहिला स्लायडर बराच वर होता, म्हणजे आवाज एकदम येणारा नव्हता, सावकाश उगवणारा होता. शेवटचा जवळजवळ माथ्याला टेकलेला होता, म्हणजे बोट उचलल्यावरही तो लगेच जाणार नव्हता, रेंगाळणार होता. पाहुणा कसा आला आणि कसा गेला ते समजलं. पाहुणा कोण होता ते समजायला मार्ग नव्हता.

त्याने बायकोला फोन केला. ती ऐकून घेऊन म्हणाली, की वहिनी दारात आल्या की चप्पल काढायच्या आत सांगून टाक. तो म्हणाला, वर्षभर त्यांनी धुळीलासुद्धा हात लावला नाही. बायको म्हणाली, म्हणूनच. मग तिने विचारलं, "तू काहीतरी बनवून ठेवायच्या विचारात नाहीस ना?"

तो त्याच विचारात होता. ज्याने आवाज बनवला तो नव्हता आणि दुसऱ्या कुणी ऐकलेला नव्हता. आणि दादाचा हात त्याच्याइतका कुणाला माहीत होता? शाळेत असल्यापासून तो त्याच खुर्चीमागे उभा राहून पाहत आला होता. पेटीत आवाजाचे दोन उगम होते. दादा दोन्ही कधी सुरात जुळवायचा नाही, एक किंचित खाली ठेवायचा, म्हणजे दोघांच्या घर्षणातून आवाज लाटेसारखा हलायचा. दोन भाऊ एका घरात राहिल्यासारखे वाटले पाहिजेत, म्हणायचा. आणि फिल्टर. फिल्टर म्हणजे आवाजाच्या तोंडावर धरलेला हात. हात घट्ट धरला की आवाज गोधडीतून आल्यासारखा मऊ आणि दबका होतो. काढला की सगळी धार उघडी पडते. दादाचा हात नेहमी घट्ट असायचा. त्याचे सगळे आवाज शेजारच्या खोलीतून यावेत तसे यायचे, आणि नाटकवाले त्यासाठीच त्याच्याकडे यायचे.

धाकट्याने पेटी सुरू केली. वर्षाच्या झोपेनंतर ती थोडी खरखरली, मग स्थिर झाली. त्याने हेडफोन लावले आणि एकेक नॉब आठवून आठवून फिरवला. एक उगम किंचित खाली. वाऱ्याची नखभर भर. फिल्टर बंदच्या जवळ, आणि त्याला अगदी मंद झोका, की श्वास घेतल्यासारखं वाटावं. अर्ध्यावर कधीतरी तो आपण काय करतो आहोत हे विसरला. मग एकदा त्याने पट्टी दाबली आणि बोट उचलून हेडफोन काढून ठेवले, कारण दादा मागे येऊन उभा राहिल्यासारखं वाटलं. आवाज इतका जमला होता.

वहिनी दुपारी आल्या. दुकानातल्यांनी त्यांना निरोपाची फुलं दिली होती, ती त्यांनी बादलीत ठेवली, हात धुतले, पदराला पुसले आणि खोलीत आल्या. धाकटा खुर्चीवरून उठला. चप्पल केव्हाच काढून झाली होती.

"सगळं ठीक?" त्यांनी विचारलं.

"तयार आहे," तो म्हणाला. यातलं काही खोटं नव्हतं आणि सगळंच खोटं होतं.

वहिनी खुर्चीत बसल्या. कुठली पट्टी दाबू, असं त्यांनी विचारलं. कुठलीही चालेल, असं तो म्हणाला. त्यांनी मधली एक पट्टी तर्जनीने दाबली, बेल दाबावी तशी. आवाज सावकाश आला, खोलीभर झाला, संथ हलत राहिला. वहिनींनी डोळे मिटले. धाकटा त्यांच्या चेहऱ्याकडे न पाहता खिडकीकडे पाहत राहिला. त्यांनी बोट उचललं तरी आवाज बराच वेळ जात नव्हता. पूर्ण विरल्यावर त्या म्हणाल्या,

"गोड आहे."

धाकटा रेकॉर्डिंगची डबी चालू करायला वाकला.

"फार गोड आहे, भावोजी. ह्यांचा नाही हा."

त्याला वाटलं, आपण काहीतरी म्हणावं. दादाचे सगळेच आवाज असे असायचे, असं काहीतरी. वहिनींनी ती वेळ येऊ दिली नाही. त्या चिडलेल्या नव्हत्या. गिऱ्हाइकाला नंबर सांगावा तशा स्वच्छ स्वरात त्या बोलत होत्या.

"तुम्ही तीन वर्षं आला नाहीत. तुम्हाला माहीत नाही. ह्यांचे कान गेले होते."

दादाला बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते. आधी दारावरची बेल गेली, मग मोबाइलची रिंग. मग माणसांच्या बोलण्यातली अक्षरं गळायला लागली आणि फोनवर नुसतं हं, हं सुरू झालं. वरच्या पट्टीतलं स्वतःला ऐकू येत नाही म्हणून तो पेटीवर फिल्टर उघडत गेला, दर महिन्याला आणखी थोडा. त्याला वाटायचं आवाज मऊच आहे. समोरच्याच्या कानात सुई जायची. नाटकवाल्यांनी दोनदा नरमाईने सुचवून पाहिलं, मग बोलावणं बंद केलं. वरचा म्हातारा रोज काठी आपटायला लागला.

"तुम्ही सांगितलं नाहीत त्याला?" धाकट्याने विचारलं.

"दिवसभर परक्या माणसांना सांगते, नंबर वाढलाय, आता जाड काच लागेल. लोक रडतात, चिडतात, माझ्यावर ओरडतात. मी सांगतेच." वहिनींनी पट्टीवरची धूळ बोटाने पुसली. "घरात जीभ रेटली नाही. रोज म्हणायचे, कसा झालाय? मी म्हणायची, छान."

आणि मग कामं का थांबली याला काहीतरी कारण लागत होतं. धाकट्याचं सॉफ्टवेअर आयतंच मिळालं. दादाने ते धरलं, वहिनींनी धरू दिलं.

"तुमच्यावर ढकललं ते सोपं पडलं," त्या म्हणाल्या. "तो दोष माझा. पण आजचा हा आवाज कुठून आला ते तुम्ही सांगा."

त्याने सांगितलं. फोन, खांद्यावरचा मोबाइल, डावीकडून उजवीकडे गेलेला हात, लॅपटॉपवर दाबलेल्या दोन कळा. धुळीतल्या चार चौकोनांचंही सांगितलं. वहिनी ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला. धाकटा पेटीसमोर उभा होता. सगळं शून्यावर, हे दोन शब्द त्याच्या डोक्यात साहेबांच्या आवाजात वाजत होते.

नळ बंद झाला. वहिनी परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि दादाच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बसा. फिल्टर कुठला यातला?"

त्याने दाखवला. इतरांपेक्षा मोठा, मधोमध.

"तो नाही मिळायचा आता," वहिनी म्हणाल्या. "ते कळतं मला. पण ह्यांना जसा ऐकू यायचा नाही, तसा तरी करू. मी सांगते, तुम्ही फिरवा."

त्यांनी पुन्हा तीच पट्टी दाबून धरली. त्याने फिल्टर थोडा उघडला. आवाजाच्या कडा दिसू लागल्या. वहिनींनी मान हलवली, नाही. आणखी थोडा. आता दोन उगमांमधलं घर्षण स्वच्छ ऐकू यायला लागलं, पत्रा घासावा तसं.

"हे बरं, की आधीचं?" त्याने विचारलं, आणि विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं की हा प्रश्न वहिनींचा आहे, आयुष्यभर काच बदलून बदलून त्या लोकांना हाच विचारत आल्या.

वहिनींच्याही ते लक्षात आलं. त्या किंचित हसल्या. "बरं काय विचारता. पुढची काच घाला."

तो फिरवत गेला. त्याच्या सवयीला हे पटत नव्हतं; जिथे कुठलाही शहाणा कारागीर थांबला असता ती जागा केव्हाच मागे पडली होती. आवाज आता आवाज राहिला नव्हता, टोक झाला होता. खिडकीची काच बारीक थरथरत होती. धाकट्याने एक डोळा मिटला. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बोट पट्टीवरच होतं, आणि दुसऱ्या हाताने त्या खूण करत होत्या, अजून, अजून.

तेवढ्यात वरून काठी आपटली. एकदा, मग लागोपाठ तीनदा.

वहिनींचा हात थांबला. त्यांनी छताकडे पाहिलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आता बरोबर आहे."

त्यांनी बोट उचललं. धाकट्याने नॉबवरचा हात काढून मांडीवर ठेवला. फिल्टर अंदाजाने लावलेला होता, दोन्ही उगम आठवणीतले होते, वारा तर त्याने स्वतःच्या मनानेच घातला होता. पण पट्टी सोडल्यावर आवाज किती वेळ मागे राहील, हे त्या शेवटच्या स्लायडरने ठरवलेलं होतं, आणि तो दादाने ठेवला होता तिथेच होता. आवाज लगेच गेला नाही. तो थोडा थोडा कमी होत राहिला, संपला असं वाटल्यावरही थोडा उरला. वर काठी गप्प झाली. ते दोघं न हलता, तो पूर्ण जाईपर्यंत बसून राहिले.